त्याग कुणाचा आणि भाकर कुणाची?

गेल्या वर्षी हंगामाच्या सणाला आईबरोबर मी तिच्या मंडळीत उपासनेला गेले होते. वेदीसमोर भोपळे, ज्वारीची कणसे, केळीचे घड मांडले होते. त्यातले एकही पीक त्या मंडळीतल्या कुणाच्या रानात उगवलेले नव्हते. पुण्यात राहणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या माणसांनी ते मंडईतून विकत आणले होते. पाळकांनी मत्तयाच्या सहाव्या अध्यायावर संदेश दिला. पाखरांची आणि रानफुलांची काळजी वाहणारा देव तुमची काळजी वाहणार नाही काय, असा त्याचा आशय. साधे राहा, हाव धरू नका, उद्याची चिंता देवावर सोडा. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. तिने डोळे मिटून 'आमेन' म्हटले आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "पाखराला भाडं भरावं लागत नाही, बाई."

आईच्या श्रद्धेत खोट नाही. तिच्या वाक्यातही नाही. ही दोन्ही एकाच बाईच्या तोंडी एकाच मिनिटात कशी आली, हा प्रश्न मात्र मला सोडवेना. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे असा प्रश्न पडला की मी पुस्तकांकडे जाते. मराठीत ख्रिस्ती साधेपणाची आणि देवावरच्या भरवशाची गोष्ट सांगणारे सर्वांत मोठे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. 1934 ते 1936 या काळात ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. मी ते वर्गात शिकवले आहे. या वेळी मात्र आईचे ते वाक्य हाताशी धरून ते पुन्हा वाचले. या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. कोकणातल्या चित्पावन घराण्यात जन्मलेला, संस्कृत जाणणारा, कवी म्हणून नाव होऊ लागलेला हा तरुण ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याने नातेवाईक, बिरादरी आणि काही वर्षांपुरता संसारही गमावला. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी अनेक वर्षे काढली. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे शिष्य त्यात एकत्र यावेत अशी कल्पना होती. देव देईल ते खायचे. दोनच वर्षांत, मे 1919 मध्ये, ते वारले.

या संन्यासाला मी हसणार नाही. तो नुसता वैराग्याचा झटका नव्हता. परदेशी मिशनरी बंगल्यात राहतो, देशी पाळक त्याच्या पगारावर आणि त्याच्या मर्जीवर जगतो, ही रचना टिळकांना सलत होती. पगार सोडणे हा त्या रचनेला दिलेला नकार होता. नकाराचे मोल दलित साहित्याच्या वाचकाला निराळे सांगायला नको. पण नकार देण्यासाठी आधी काहीतरी देऊ केलेले असावे लागते. टिळकांनी पगार सोडला तेव्हा त्यांची विद्या, त्यांचे नाव, त्यांच्या कवितेचा मान यातले काहीच सुटले नाही. संन्यासी म्हणून ते ज्या दारात जात त्या दारात पाट मांडला जाई. भगवी वस्त्रे, भिक्षा, अपरिग्रह यांना या समाजात प्रतिष्ठा आहे आणि ती प्रतिष्ठा ब्राह्मणाच्या अंगावर अधिक शोभते असे समाजाने ठरवून ठेवले आहे. महारवाड्यातला माणूस फाटके नेसून दारात उभा राहिला तर तो संन्यासी ठरत नाही. त्याला लांबूनच तुकडा टाकला जातो.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की असेल ते देऊन मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव. संध्याकाळी चूल पेटवायची कशी, हा प्रश्न मात्र दात्याला पडत नसे. तो घरातल्या बाईला पडे. आपल्या समीक्षेने 'स्मृतिचित्रे'चा विनोद, त्यातली प्रसन्नता, निरागसता यांचे भरभरून कौतुक केले आहे आणि ते खरेही आहे. परंतु या विनोदाखाली एक हिशेबाची वही आहे, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. किती आले, किती गेले, कोणाकडून उसने आणले, कोणत्या वस्तूवर वेळ भागली, हे सारे ती बाई सांगते. नवऱ्याचा भरवसा देवावर आणि घराचा भरवसा तिच्यावर, अशी ती विभागणी होती. ज्याला आपण टिळकांचा त्याग म्हणतो त्याचा निम्मा खर्च तिच्या नावावर पडलेला आहे.

ही विभागणी ख्रिस्ती धर्मातून आलेली नाही. टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. तुकोबांच्या घरातही हेच घडले. 1630 च्या भीषण दुष्काळात संसार उद्ध्वस्त झाला, पुढे कर्जखते इंद्रायणीत बुडवली गेली, आणि घरात पोरांना काय घालायचे हे जिजाईला बघावे लागले. परंपरेने तिला काय दिले? कजाग बायको म्हणून कीर्तनातली टिंगल. जिजाईने आपली बाजू लिहिली नाही. तिला लिहिता येण्याची सोयच समाजाने ठेवली नव्हती. लक्ष्मीबाईंनाही शाळा मिळाली नाही, परंतु अक्षरओळख मिळाली आणि तीही नवऱ्याकडूनच. म्हणून त्यांची बाजू शिल्लक राहिली. संताच्या बायकोने स्वतः लिहिलेला संतत्वाचा ताळेबंद असे या पुस्तकाचे वर्णन मी करीन. त्यात टिळकांवरचे प्रेम आहे, आदर आहे. तक्रारसुद्धा आहे, पण तिला त्या कधी श्रद्धेची मखर चढवीत नाहीत.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण आणखी एका ठिकाणी आहे. त्यांच्या माहेरी सोवळ्याचे असे वेड होते की वडील बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेत नसत. अशा घरातली ही बाई राहुरीला असताना एका रात्री जातीचा विचार करू लागते आणि जात देवाने केली नसून माणसाने केली आहे या निर्णयाला येते. नंतर ती कुणाच्याही हातचे पाणी घेते. पुढे 1900 साली तिचा बाप्तिस्मा होतो. माझ्या मते ख्रिस्ती साधेपणाची खरी कसोटी इथे आहे. पगार सोडणे अवघड असेल, पण सवर्णाला सोवळे सोडणे त्याहून अवघड. पगार सोडला की कौतुक होते. सोवळे सोडले की पंगत तुटते.

येथवर मी एका घरातल्या दोन माणसांविषयी बोलले. पण त्याच नगर जिल्ह्यात, त्याच काळात, ख्रिस्ती झालेल्या बहुसंख्य माणसांचे काय? अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे मांडले आणि पुढल्या काळात जे ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार आणि काही मांग. माझे पणजोबा त्यांतले. त्यांना वतनाच्या नावाखाली गावकी होती, येसकरी होती, तुकड्याची भाकर होती. ते ख्रिस्ती झाले तेव्हा गावाने म्हटले, पोटासाठी बाटला. हा शब्द आजही मरत नाही. दोन वर्षांपूर्वी वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवत असताना एका मुलाने मला सरळ विचारले, "मॅडम, टिळक विचारांनी ख्रिस्ती झाले, बाकीचे दुष्काळात धान्यासाठी झाले ना?" त्या मुलाला दुखवायचे नव्हते. त्याने जे ऐकले तेच तो बोलला.

हा दुटप्पीपणा नीट पाहिला पाहिजे. ब्राह्मण ख्रिस्ती झाला आणि त्याने भाकर सोडली, तर त्याचा त्याग झाला. महार ख्रिस्ती झाला आणि त्याला भाकर मिळाली, तर ती लाच झाली. दोन्ही ठिकाणी भाकरच आहे. फरक जातीचा आहे. शिवाय ज्या प्रार्थनेत येशूने आपल्या शिष्यांना देवाकडे रोजची भाकर मागायला शिकवले ती प्रार्थना पोटाचीच आहे. भुकेल्याने भाकर मागणे हा त्या धर्मात कमीपणा नाही. मग माझ्या पणजोबांनी तेच मागितले तर त्यांची श्रद्धा खोटी कशी? आणि ज्या गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिळा तुकडा घातला त्या गावाने त्यांच्या पोटाविषयी बोलावे हा कुठला न्याय? चोखोबांनाही विठोबाने पुरवले ते उष्टेच. मंगळवेढ्याला कुसू बांधण्याच्या कामावर ते दरडीखाली गेले. देवावरचा भरवसा त्यांच्यापेक्षा जास्त कोणाचा होता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला थेट हात घातला आहे. 1950 साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्याविषयी लिहिताना त्यांनी धर्माच्या काही कसोट्या सांगितल्या. त्यांतली एक अशी की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्याजवळ आहे त्याने ते सोडले तर ती चांगली अवस्था असू शकेल, पण दारिद्र्य कधीच धन्य असू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. धर्मांतरित ख्रिस्तींच्या स्थितीविषयी त्यांचे एक लिखाण 1989 साली शासनाने प्रकाशित केलेल्या पाचव्या खंडात आले. तेथे त्यांचा आक्षेप असा की, आपले हाल आपल्या पापामुळे आहेत असे शिकवले की माणूस भोवतालच्या व्यवस्थेशी भांडत नाही. 1938 च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलतानाही त्यांनी या समाजाच्या राजकीय उदासीनतेवर बोट ठेवले होते. आम्ही ख्रिस्ती दलितांनी हे ऐकले पाहिजे होते. आम्ही ते फार उशिरा ऐकले.

मग देवावरचा भरवसा टाकून द्यायचा का? येथे मला पंडिता रमाबाईंकडे जावे लागते, कारण त्यांनी हा प्रश्न दोन्ही टोकांनी भोगला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. देव पुरवील या भरवशावर त्यांनी जवळचे द्रव्य दानधर्मात, देवतांच्या सेवेत घालवले. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. रमाबाईंनी नंतर त्या दिवसांविषयी लिहिताना एक फार कठोर गोष्ट कबूल केली आहे. उच्च जातीच्या अभिमानामुळे अंगमेहनतीचे काम करणे किंवा हात पसरणे त्या कुटुंबाला जमले नाही. मराठीत जातीच्या अहंकाराचे याहून भेदक आत्मपरीक्षण क्वचितच झाले असेल. श्रम हलका मानणारी जात देवावर भरवसा ठेवते तेव्हा तिची कशी उपासमार होते, याचा तो दाखला आहे.

1889 साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन 1890 मध्ये पुण्यात आले. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. 1893 मध्ये मुली बाटवल्याच्या आरोपावरून पुण्यात रान उठले आणि अनेक मुली काढून नेल्या गेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि प्लेगच्या बंधनांमुळे त्यांना पुण्याबाहेर, केडगावला न्यावे लागले. तेथे मुक्ती उभी राहिली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र रमाबाईंच्या मनात होते. कुणाकडे पैसा न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथालय चालवणारा हा माणूस. तोच आदर्श घेऊन त्यांनी केडगावला काम चालवले.

पण केडगावचा भरवसा कसा होता ते बघा. विहिरी खणल्या. शेती केली. माग चालवले, तेलाचा घाणा चालवला, छापखाना काढला. ज्या पवित्र शास्त्राचे भाषांतर रमाबाई 1922 साली मरेपर्यंत करीत राहिल्या, त्याचे खिळे तेथल्या बायकांनी जुळवले. शिवाय 'मुक्ती प्रेअर बेल' या पत्रातून दूरदूरच्या लोकांना संस्थेची हकिकत कळत असे. म्यूलरही आपला जमाखर्च प्रसिद्ध करीत असे. म्हणजे मागणे देवाकडे, पण कळवणे माणसांना. मी यात ढोंग पाहत नाही. मला यात शहाणपण दिसते. वडिलांच्या भरवशात श्रम नव्हता आणि हिशेब नव्हता. लेकीच्या भरवशात दोन्ही होते. एकीकडे शारदा सदनात मुली आपापल्या जातीचे जेवणखाणाचे नियम पाळीत, तर मुक्तीत अनेक जातींच्या उपाशी पोरी एकत्र राबू आणि जेवू लागल्या. दुष्काळाने घडवलेला का होईना, तो बदल लहान नव्हता. महात्मा फुल्यांनी 1885 च्या 'सत्सार' मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. ती व्यर्थ गेली नाही असे मला केडगाव पाहिले की वाटते.

पुण्यातला दुसरा दाखला आश्रमाचा. 1922 साली जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. याच विन्स्लोने 1923 साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. खादी, जमिनीवर बैठक, साधे जेवण, गोरे आणि देशी एका पंगतीत. व्हेरियर एल्विन 1927 साली प्रथम येथेच आला. गोऱ्याने देशी माणसाच्या शेजारी बसून जेवणे ही त्या काळात खरोखर धिटाईची गोष्ट होती, हे मान्य केले पाहिजे. तरी एक गोष्ट मनात येतेच. ऑक्सफर्डहून आलेल्या माणसाला जमिनीवर बसणे ही साधना होती. माझ्या आजोबांना ती साधना नव्हती, कारण गावच्या चावडीत त्यांना बसायला दुसरी जागाच नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाविषयी थोडे सांगते, कारण त्यावाचून माझा निष्कर्ष कोरडा वाटेल. बारावीनंतर मला पुढे शिकायचे होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. इतर मागासवर्गात आम्हाला जागा आहे, पण ज्या जातीमुळे पणजोबांना तुकडा मिळाला ती जात माझ्या कागदावर नव्हती. गाव मात्र ती विसरले नव्हते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने मला सांगितले, देवावर भरवसा ठेव, प्रभू पुरवील. फी भरायची तारीख जवळ आली तेव्हा आईने भिशी उचलली. तिच्याबरोबर घरकाम करणाऱ्या बारा बायकांची ती भिशी. त्यांत बौद्ध होत्या, मातंग होत्या, एक मराठा होती. नंबर दुसरीचा होता. तिने तो आईला दिला आणि स्वतःच्या मुलाचे काम दोन महिने लांबवले. आई आजही म्हणते, प्रभूने पुरवले. मी तिच्याशी वाद घालीत नाही. मी फक्त एवढे म्हणते की प्रभूने पुरवले ते त्या बाराजणींच्या हातून पुरवले आणि त्याची नोंद एका वहीत आहे.

म्हणून आता पवित्र शास्त्र वाचताना मला पाखरांपेक्षा मान्ना जवळचा वाटतो. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात गुलामीतून सुटलेल्या लोकांना रानात मान्ना मिळतो. ज्याने जास्त गोळा केला त्याला उरला नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडला नाही, आणि ज्याने साठवून ठेवला त्याच्याकडे तो सडला. म्हणजे देवाच्या पुरवठ्याची ही गोष्ट वाटपाची गोष्ट आहे. संदेश देणारे तिच्यातला भरवसा सांगतात, वाटप सांगत नाहीत. तसेच द्राक्षमळ्यातल्या मजुरांचे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली ती माणसे दिवस मावळेतो बाजारात उभी आहेत, कारण त्यांना कुणी कामावर घेतलेले नाही. पुण्यात सकाळी कोणत्याही मजूर अड्ड्यावर जा, ती तुम्हाला दिसतील. त्यांना साधे राहा म्हणून सांगायला कोण धजेल? गोष्टीतला मालकही त्यांना तसे सांगत नाही. तो त्यांना पुरी मजुरी देतो.

साधेपणा हे मूल्य आहे हे मी नाकारत नाही. पण ते मूल्य वर बसलेल्यांना सांगायचे आहे. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त आहेत, ज्याच्या संस्थेच्या जमिनी शहरात मोक्याच्या जागी आहेत, ज्याच्या घरात सोवळे अजून शाबूत आहे, त्याने साधे व्हावे. मंडळीतल्या व्यासपीठावरून खाली बसलेल्या मोलकरणींना साधेपणाचा उपदेश करणे हे त्यांच्या आयुष्याचेच त्यांना वर्णन करून सांगणे आहे. आणि भरवशाचे म्हणाल तर, ज्या समाजाने आम्हाला माणसांवर भरवसा ठेवायला जागाच ठेवली नाही तेथे आमच्या माणसांनी देवावर ठेवला, यात त्यांची चूक नाही. चूक त्या भरवशाला पुढे करून मजुरी, शिष्यवृत्ती आणि हक्काचे मागणे मागे टाकणाऱ्यांची आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावे असे मला वाटते. टिळकांच्या त्यागासाठी वाचा, हरकत नाही. पण लक्ष्मीबाईंची वही विसरू नका. आणि त्या पुस्तकाच्या कडेने जे महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांचे जग वावरते, ज्यांनी आपली स्मृतिचित्रे लिहिली नाहीत, त्यांचे लिहायचे काम आपले आहे. माझ्या आईने माझ्याकडून हे लिहून घेतले असे मी समजते. पुढच्या हंगामाच्या सणाला वेदीसमोर भोपळ्याशेजारी तिच्या भिशीची वही ठेवावी, असे मी पाळकांना सुचवणार आहे.